किती दिस रवतलस?

पुतण्या बावीच्या चौथऱ्यावर उकिडवा बसून बुटांचे तळवे घासतो आहे. एका हातात जुना टूथब्रश, दुसऱ्या हातात बूट, शेजारी अर्धी बादली पाणी. सात दिवसांचा गणपती, रोज रात्री वाडीभर भजनाला हिंडणं आणि वरून पाऊस, त्यामुळे तळव्यांच्या खाचांत कांदळगावची तांबडी माती घट्ट बसली आहे. ब्रशने निघत नाही तिथे तो माडाच्या हिराने कोरतो, पाणी मारतो, पुन्हा उजेडात धरून बघतो.

"आसूं दे रे थोडी," मी म्हणते.

"नाय गे काकी. मेलबर्नक उतरल्यार फॉर्मात लिवक लागता, बुटांक माती आसा काय म्हणान. थयसर बघतत."

ऑस्ट्रेलियात बाहेरचं बी, बाहेरची कीड, बाहेरचा रोग मातीतून येऊ नये म्हणून विमानतळावर ही काळजी घेतात. खाण्याच्या वस्तूंचं तेच, लाकडाच्या वस्तूंचं तेच. मला ते पटतं. तरी आपल्या खळ्यातली माती हिराने कोरून काढलेली बघताना पोटात काहीतरी होतंच.

त्याची मुलगी पडवीच्या पायरीवर उभी राहून हे सगळं बघते आहे. अनवाणी. बोटांच्या बेचक्यांत चिखल. तिचे पांढरे बूट पडवीच्या कोपऱ्यात गेले दहा दिवस तसेच पडलेत आणि ते आज कुणी घासणार नाही. बाप जातो आहे, ती राहते आहे.

बारावी झाल्यावर कॉलेज सुरू करण्याआधी एक वर्ष थांबायचं तिनं ठरवलं. त्यातले सहा महिने आमच्याकडे. मे महिन्यात फोन आला तेव्हा मोबाईल ह्यांच्या हातात होता. तिनं मराठीत विचारलं, "मी येऊन राहू का?" ह्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "ये गो, तुजाच घर आसा." आमच्याकडे हे वाक्य तोंडात तयारच असतं. फोन ठेवल्यावर मात्र ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "सहा म्हयने म्हणता गे ती."

आमच्या घराला माणसं नवी नाहीत. चाकरमानी गणपतीला येतात, मे महिन्यात येतात, आंगणेवाडीच्या जत्रेला, शिमग्याला येतात. माळ्यावर चौदा गाद्या आहेत, त्या या चाकरमान्यांसाठीच. पण येणारा प्रत्येकजण रजा मोजून येतो. म्हणून उंबऱ्यात पाऊल टाकल्याबरोबर पहिला प्रश्न असतो, "किती दिस?" तो प्रश्न कुणाला जा म्हणण्यासाठी नसतो. गॅसचा सिलिंडर किती पुरेल, तांदूळ कधी दळायचे, वडे कुठल्या दिवशी, मासे कुठल्या दिवशी, परतीची गाडी कुडाळला धरायची की कणकवलीला, हे सगळं त्या एका आकड्यावर बसवायचं असतं. चार दिवस, आठ दिवस, फार तर अकरा. या आकड्यांची आमच्या हातांना इतकी सवय आहे की तेवढ्या दिवसांत पाव्हण्याला कशाची उणीव भासत नाही. सहा महिन्यांचा आकडा मात्र हातात बसत नाही. सहा महिने रोज कुणी वडे खात नाही.

डिकी बंद होत नाही. मुंबईच्या चुलत भावंडांची गाडी आहे, पुतण्या तिच्यातूनच मुंबईपर्यंत जाणार आहे. नारळ, उकडे तांदूळ, कुळथाची पिठी, आगळाच्या बाटल्या, सोलांची पिशवी, खाज्याची पाकिटं. ह्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुरणाचा गड्डा आणून वर ठेवला, म्हणून आता सगळं पुन्हा उतरवून लावायचं. पुतण्याच्या स्वतःच्या बॅगेत यातलं काही नाही. खाज्याचं एक पाकीट आहे, तेही फॉर्मवर लिहून न्यायचं.

निघण्याआधी ह्यांनी देवासमोर नारळ ठेवला आहे. गणपतीचा पाट कालच व्हाळावरून परत आला, त्याच्यावर ओली वाळू तशीच आहे. वर माटवीला कवंडळं आणि सुपारीचा घड अजून लटकतो आहे, आंब्याचा टाळ सुकायला लागला आहे. सगळे हात जोडून उभे राहतात. हे गाऱ्हाणं घालतात.

"बा देवा रामेश्वरा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुजा लेकरू सात समुद्रापलीकडसून तुज्या पायांकडे इला हा. बापूस आज जातलो, ह्या हयसर रवतला. तेका हयला पाणी मानवूं दे, वाटेर-घाटेर तेची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जां काय आमच्याकडसून चुकला-माकला आसात, तां पोटात घाल, नारळ मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तिसऱ्या "व्हय म्हाराजा"ला पोरीचाही आवाज मिसळतो, अर्धा शब्द मागे. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. ह्यांनी देवाला सगळं सांगितलं, पण सहा महिने हा आकडा सांगितला नाही. नुसतं "रवतला" म्हणाले.

गाडी पाणंदीतून वळते. पुतण्या काच खाली करून हात हलवतो. त्याच्या पायांत ते धुतलेले बूट आहेत आणि खळ्यातून गाडीपर्यंत तो पाटीचिऱ्यांवर पाय टाकत, माती चुकवत गेला. मुलगी चांगली वाकडी वाट करून गडग्यापर्यंत धावते. मग आवाज कमी होत जातो.

खरी कठीण वेळ त्यानंतरची. वाडीतली एकेक गाडी निघून जाते. काल रात्री जिथे फुगड्या चालल्या होत्या तिथे आज कुत्रं झोपलंय. चौदा गाद्या मी आणि ती उन्हात टाकतो, ऊन नाहीच म्हणून पुन्हा आत आणतो. संध्याकाळी जेवायला तीन पानं. ती मोठ्या पातेल्याकडे बघून विचारते, "आता हे कुठे ठेवायचं?" मी सांगते, "माळ्यावर. पुढच्या चतुर्थीला." मग ती गप्प होते. पुढच्या चतुर्थीला ती इथे नसेल, हे दोघींनाही कळतं.

या घराने बिनमुदतीची माणसं एकदा ठेवली आहेत. 1982च्या जानेवारीत मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. माझे थोरले दीर, म्हणजे या पोरीचे आजोबा, त्यांतले एक. संप मिटेपर्यंत म्हणून त्यांनी बायकामुलांना गावी आणून ठेवलं. कोकणातल्या कितीतरी घरांत तेव्हा हेच झालं. संप रीतसर मिटलाच नाही. 1984 साली मी लग्न होऊन या घरात आले. माहेर गारगोटीकडचं, एसटीने राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून. मला मासे करता येत नव्हते, मालवणी कळत नव्हती, घाटावरची म्हणून सगळं गाव बघायला येत होतं. हा पुतण्या तेव्हा आठ वर्षांचा, गावच्या शाळेत जाणारा. रोज संध्याकाळी चुलीजवळ येऊन बसायचा आणि मला विचारायचा, "काकी, तू कधी जातलस?"

त्याला वाटायचं, मीही त्याच्यासारखीच, संप मिटेपर्यंत आलेली.

1986मध्ये भावोजींना मुंबईत पहारेकऱ्याची नोकरी लागली आणि ते लोक गेले. मी राहिले. तो मुलगा पुढे शिकला, इंजिनियर झाला, मेलबर्नला गेला. आता त्याच घराच्या पडवीत त्याची मुलगी बसली आहे आणि लॅपटॉपच्या चार्जरसाठी मी तिला टेबलफॅनचा प्लग काढून देते आहे.

पहिले पंधरा दिवस ती बघण्याच्या गोष्टी बघून घेते. शेजारच्या वैनीने भेटल्या दिवशी विचारलं होतं, "किल्लो बघलस?" पावसाळ्यात बंद असलेली होडी सुरू झाल्यावर मी तिला घेऊन जाते. 1664मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला, भोवती खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. ती वाकून साखरबावेत बघते आणि विचारते, "इथे माणसं वर्षभर राहायची?" मी म्हणते, "अजूनही राहतात काही घरं." हे ऐकून ती तटबंदीपेक्षा जास्त चकित होते. मग तारकर्ली होते, देवबागचा संगम होतो, मेढ्यातला जय गणेश होतो. यादी संपते. आणि पाऊस मात्र संपत नाही.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी ती पडवीतले बूट उचलते तर ते हिरवट. आतून-बाहेरून बुरशी. पट्टा हिरवा, पाकीट हिरवं. धुतलेले कपडे तीन दिवस वाळत नाहीत आणि वाळले तरी त्यांना ओलसर वास येतो. ती काही बोलत नाही, पण बूट हातात धरून बराच वेळ उभी राहते. सकाळी दहाची पेज तिला अजून जेवण वाटत नाही, नाश्ताही वाटत नाही. रात्री पालीचा आवाज, कौलांवर माडाची झावळ पडल्याचा आवाज, दूर कुठेतरी कोल्हा. न्हाणीकडे जाताना विजेरी घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही हे मी तिला पहिल्याच दिवशी बजावलंय, कारण फुरसं चिऱ्यासारख्याच रंगाचं असतं. हे ऐकल्यापासून ती रात्री पाणीच कमी पिते, असं माझ्या लक्षात येतं. मग मी न्हाणीच्या वाटेवर एक दिवा लावून घेते. एवढं मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मी नवी होते तेव्हा हीच वाट मला काळीठिक्कर वाटायची आणि सासूबाईंना सांगायचं धाडस व्हायचं नाही.

पैशांचीही अडचण. मालवणच्या बाजारात शहाळेवाल्यापासून सगळ्यांकडे क्यूआर कोड, पण तिचं इथल्या बँकेत खातं नाही. म्हणून मी तिला स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचा बोर्नव्हिटाचा जुना डबा दाखवते. त्यात घरखर्चाचे पैसे असतात. "लागतील तेवढे घे," मी म्हणते. ती घेते. पण दुसऱ्या दिवशी मी डबा उघडते तर नोटांवर एक चिठ्ठी. मराठी अक्षरांत, काना-मात्रा सांभाळून लिहिलेलं: "बिस्किटं, 30 रुपये." परवा: "बसचं तिकीट, 22 रुपये." तिकडच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकलेलं नीटस अक्षर. डब्यात चिठ्ठ्या वाढत जातात. मी एकही टाकत नाही आणि तिला काही बोलतही नाही. हिशेब ठेवणं वाईट नव्हे. फक्त घरातल्या माणसांच्या चिठ्ठ्या डब्यात नसतात, एवढंच.

शिकलेली मराठीही इथे तिच्या फारशी कामाची नाही. मासेवाली टोपली उतरवते तेव्हा ती पुढे होते आणि म्हणते, "मला बांगडे हवे आहेत. कसे दिले?" मासेवाली हात थांबवून तिच्याकडे बघते.

"ह्या चेडू पुण्यासारखा बोलता! खयसून इला?"

"मेलबर्नहून," ती म्हणते.

"किती दिस?"

पुन्हा तेच. दहा दिवसांत दहा जणांनी विचारलेलं. पोरीच्या चेहऱ्यावर एक सावली येऊन जाते. पाचशेची नोट ती पुढे करते. मासेवाली कनवटीला हात घालत म्हणते, "रव गो, रव."

ती माझ्याकडे बघते. हसते. "काकीआजी, त्या मला राहा म्हणतायत?"

मासेवालीला सुट्टे शोधायचे होते, म्हणून ती थांब म्हणाली. पण चूक पोरीचीही नाही. मालवणीत थांब आणि राहा यांना एकच शब्द आहे, रव. गाडीला रव म्हणतात, पावसाला रव म्हणतात, आणि जायला निघालेल्या माणसाचा हात धरूनही रव म्हणतात. हे मी सांगते तेव्हा मासेवालीच गंभीर होते. सुट्टे पैसे पोरीच्या हातात ठेवते, टोपलीतून एक जास्तीचा बांगडा उचलून थाळीत टाकते आणि म्हणते, "मगे रव. कोण नको म्हणता?"

त्या दुपारचं जेवण माझ्या कायम लक्षात राहील. बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण. तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं, हे सांगायचं राहून जातं आणि तिची जीभ बधीर होते, डोळ्यांत पाणी. पण ती पान सोडत नाही. तिच्या घरी मासा म्हणजे काटे काढलेले पांढरे तुकडे. इथे पानात अख्खा बांगडा, डोळ्यासकट. हे आपलं पान तिच्या पानाजवळ सरकवतात. बोटाने बांगड्याच्या पाठीवरून, डोक्याच्या मागून शेपटीपर्यंत एक रेघ ओढतात. "हयसून उघडूचा." अंगठ्याने वरचा अर्धा सरकवतात, मधला काटा उघडा पडतो, शेपटीकडून धरून तो सबंध उचलतात. डोक्यासकट काटा हातात येतो, कंगव्यासारखा. "आता कडेचे बघ. बोटांक लागतत, डोळ्यांक दिसणत नाय." ती डोळे मिटते. खरंच मिटते. आणि दोन बोटांनी मांस चाचपते, एक केसासारखा काटा निघतो, मग दुसरा. पानाच्या कडेला ती ते ओळीने मांडते. अकरा होतात. मला मासा खायला माझ्या सासूबाईंनी शिकवलं ते असंच, चाळीस वर्षांपूर्वी, याच जागी. त्यांनी मला बोलून काही सांगितलं नव्हतं, नुसता त्यांचा हात दिसत होता.

जेवण झाल्यावर हे तिची ती निळसर पुस्तिका मागून घेतात आणि चष्मा लावून वाचतात. ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून 2005च्या दुरुस्तीनंतर ही सोय झाली. कितीही दिवस राहा, पोलिसांत नोंद नको. मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही.

"म्हणजे आपल्या मळ्यातलो एक गुंठोसुद्धा विकत घेवक गावाचो नाय हिका?" हे विचारतात.

"विकत नाही. वारसाने येऊ शकतो," ती म्हणते. तिने हे आधीच वाचून ठेवलं आहे.

हे उठून कपाटातून सातबारा काढतात. सामाईक जमीन, उताऱ्यावर बावीस नावं. त्यांत भावोजींचं नाव अजून तसंच, वारस नोंद राहून गेलेली. हे बोटाने ते नाव तिला दाखवतात. सातबाऱ्यावरची मराठी शाळेतल्या मराठीपेक्षा वेगळी, तिला ती अक्षर लावून वाचावी लागते. आडनाव मात्र पटकन वाचते.

हस्ताचा पाऊस जोरात पडून जातो. मग एका सकाळी आभाळ स्वच्छ होतं आणि समुद्राचा आवाज बदलतो. वैनीचा मुलगा सांगत येतो, दांडीला रापण लागली. आम्ही जातो. होडीने अर्धगोल करत जाळं टाकलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, दोराला वीस-वीस माणसं. ती काठावर उभी राहून बघते, मोबाईल काढते, दोन फोटो घेते आणि मग मोबाईल माझ्या हातात देऊन दोराला लागते. कुणी तिला बोलावलं नाही, कुणी नकोही म्हटलं नाही. पाऊण तास ओढणं. पाठीमागे पाय रोवत, एकाच तालात. जाळं जवळ येतं तसं पाणी चमकायला लागतं. पेडवे, तारल्या, थोडे बांगडे, एक-दोन लेपे. वाटे पडतात. हात लावणाऱ्याला मूठभर मिळतातच, तसे तिच्या ओंजळीत पेडवे येतात. पिशवी नाही. ती ओढणीच्या टोकात बांधून आणते. रात्री तळव्यांना फोड येतात, मी खोबरेल लावून देते. ती हाताकडे बघत झोपते.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्नची घड्याळं तासभर पुढे जातात. इतके दिवस आमचे सहा वाजले की तिच्या आईचा फोन यायचा, तिकडे साडेदहा. आता आमच्या सहाला तिकडे साडेअकरा होतात, म्हणून फोन पाचला ठरतो. पण पाचला पोरगी घरात असते कुठे? भात पिवळं झालं आहे, कापणी चालू आहे, ती विळा घेऊन मळ्यात. चौथ्या दिवशी फोन माझ्या मोबाईलवर येतो. "काकी, ती कुठे आहे? तीन दिवस फोन उचलत नाही."

"मळ्यात आहे गो. भात कापतेय."

पलीकडे शांतता. मग, "पायात काही आहे ना?"

आईचा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे भातशेतीच्या दिवसांत लेप्टोची भीती असते, चिखलपाण्यातून, पायाच्या कापल्या जागेतून तो रोग येतो, आणि त्याने माणसं गेलेली आहेत. आरोग्यसेविका येऊन आठवड्यातून एकदा घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देऊन गेली आहे. पोरीने पायात माझे गमबूट घातले आहेत आणि बोटाला विळा लागला त्यावर पट्टी आहे. हे सगळं मी सांगते. पट्टीचंही सांगते, लपवत नाही. तिची आई म्हणते, "बरं." आणि मग थोड्या वेळाने, "बरी दिसते का?" मी मळ्याकडे बघते. पोरगी पेंढी बांधते आहे, गुडघ्याने दाबून, दात-ओठ खाऊन. सुटते. पुन्हा बांधते. "दिसते," मी म्हणते.

त्याच रात्री मी ठरवते. इतक्या आठवड्यांत मला जे दिसत होतं आणि मी ज्याच्याकडे बघत नव्हते, ते म्हणजे तिची बॅग. मधल्या खोलीत खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर ती आल्या दिवसापासून उघडी पडली आहे. ती रोज त्यातून कपडे काढते, रोज धुतलेले घडी करून त्यातच ठेवते. केर काढताना मी बॅग सरकवते आणि परत जागेवर ठेवते. मी तिला पैशांचा डबा दाखवला, न्हाणीच्या वाटेवर दिवा लावला, पण कपडे ठेवायला एक कप्पा दिला नाही. रजेवर आलेल्याला कप्पा लागत नाही, बॅग पुरते. माझी स्वतःची ट्रंक या घरात खाटेखाली वर्षभर तशीच होती. एक दिवस सासूबाईंनी काही न बोलता भिंतीतल्या फडताळाचा खालचा कप्पा रिकामा केला आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवसाची तारीख मला आठवत नाही, पण फडताळाच्या दाराचा करकरता आवाज आठवतो.

आज तेच दार मी उघडते. वरचा कप्पा सासूबाईंचा, त्या गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. डांबराच्या गोळ्यांचा वास. ती शेजारी येऊन उभी राहते. मी एकेक वस्तू काढून तिच्या हातात देते, ती खाटेवर ठेवते. एक हिरवं नऊवारी लुगडं, घड्यांवर विरलेलं. पितळेचा करंडा. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, का ठेवल्या कोण जाणे. कुळथाच्या बियाण्याची पुरचुंडी, त्याला कीड. मी आत हात घालते तर मागे एक पत्र्याची डबी. उघडत नाही. ती आपल्या हातात घेते, नखाने कड सैल करते. आत घडी केलेला कागद आणि त्याखाली गिरणीचा पास. पुठ्ठा मऊ पडलेला, कोपरे झिजलेले, छोटा काळा-पांढरा फोटो. पंचवीस-तिशीचा माणूस, तेल लावून मागे फिरवलेले केस, शर्टचं वरचं बटण लावलेलं.

"हे बाबांसारखे दिसतात," ती म्हणते.

"बाबा ह्यांच्यासारखा दिसतो," मी म्हणते.

संप मिटल्यावर लागेल म्हणून भावोजींनी पास आपल्या आईकडे जपून ठेवायला दिला असणार. मुंबईला परत जाताना तो मागून घ्यायचं राहिलं, की मुद्दामच घेतला नाही, आता सांगणारं कुणी नाही. ती पासकडे बघत राहते. पाठीमागे वळवते. पुन्हा पुढे. मग विचारते, "हा कुठे ठेवायचा?"

"तुझ्या कप्प्यात."

ती खाली बसते आणि बॅग रिकामी करायला लागते. कपडे थोडेच. तीन पुस्तकं. वाळून कडक झालेले ते बूट, बुरशीचा डाग अजून आहे. दोराच्या फोडांवर लावलेल्या खोबरेलाची बाटली. तळाशी एका कप्प्यात इथे आल्यावर फेकायला विसरलेला विमानाचा बोर्डिंग पास. कपडे कप्प्यात लागतात, एका बाजूला पत्र्याची डबी बसते. मी फडताळ लावते. दार करकरतं.

सकाळी माळा. हे शिडी धरतात, ती रिकामी बॅग खांद्यावर घेऊन चढते. मी माजघरातून बघते. वर गाद्या, मोठी पातेली, माटवीची फळी, गणपतीच्या मखराची कापडं एका फाटक्या गोणीत. गोणीला उंदराने भोक पाडलंय. तिचा आवाज येतो, "काकीआजी, ही कापडं बॅगेत टाकू का? उंदीर लागणार नाही."

"टाक."

कापडं जातात. मग समया जातात, कागदात गुंडाळून. मग झांजा. मग पाटावर घालायचा लाल रुमाल. मोठी परदेशी बॅग आहे, पुष्कळ मावतं. चेन लागल्याचा आवाज खालपर्यंत येतो.

"गो," हे शिडी धरून वर बघतात, "आणि जाताना मगे? सगळा बाहेर काढूचा लागतला."

वर काही क्षण आवाज नाही. कौलाच्या फटीतून उन्हाचा पट्टा पडलाय, त्यात धूळ फिरते आहे. मग तिचे पाय दिसतात, शिडीच्या वरच्या पायरीवर, टाचांना तांबडी माती.

"मगे बघूया," ती म्हणते, आणि उतरायला लागते.